वस्ताद हौद्यात उतरत नसतोय : अनेल्काची मुंबई सिटी आणि आपल्या तालमींचा फुटबॉल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय फुटबॉलचा आहे, पण कालच्या मॅचला कोण जिंकलं, पेनल्टी होती का नव्हती, त्याचा नाही. त्यासाठी आपले कट्टे आहेतच. विषय असा आहे, की स्वतः खेळणाऱ्या माणसानं संघाचा प्रशिक्षक व्हावं का? आपल्याकडं याचं उत्तर कुणी शोधलेलं नाही, कारण प्रश्नच कुणी विचारलेला नाही. बहुतेक संघांत जो जुना, जाणता, ज्याचा शब्द पोरं ऐकतात, तोच सकाळी सराव घेतो, तोच टीम ठरवतो आणि चार वाजता बूट घालून तोच मैदानात उतरतो.

याचं मोठ्या पातळीवरचं उदाहरण आपल्याच राज्यात होऊन गेलं आहे. २०१५ साली. मुंबई सिटी एफसी आणि निकोलस अनेल्का. ती गोष्ट आधी नीट सांगतो, मग आपल्या पेठांकडं येतो.

इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल २०१४ ला सुरू झाली. आठ संघ. त्यात मुंबई सिटी हा एक, मालकांमध्ये अभिनेता रणबीर कपूर. पहिल्या वर्षी प्रशिक्षक इंग्लंडचा पीटर रीड. अनेल्का त्या वर्षी फक्त खेळाडू म्हणून आला, आणि त्याचेही पहिले तीन सामने बंदीमुळं गेले. इंग्लंडमध्ये गोल केल्यावर केलेल्या एका हावभावावरून त्याच्यावर कारवाई झाली होती, ती शिक्षा इथंपर्यंत चालत आली. मुंबईनं त्या हंगामात पुण्याला पाच-शून्य धुतलं, पण शेवटी आठ संघांत नंबर आला सातवा. रीड गेला.

संघाचं घरचं मैदान होतं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या माणसाच्या नावाचं मैदान! मुंबईच्या पहिल्या आयएसएल संघाचं घर ते, आणि २०१४ ची पहिली फायनलही तिथंच झाली. हे आपण लक्षात ठेवत नाही, म्हणून सांगितलं.

२०१५ च्या जुलैमध्ये मुंबई सिटीनं जाहीर केलं, की पुढच्या हंगामात अनेल्काच प्रशिक्षक आणि अनेल्काच खेळाडू. आता हा माणूस कोण, ते बघा. आर्सेनलकडून ऐन विशीच्या आत इंग्लंडची लीग आणि कप एकाच वर्षी जिंकलेला. रिअल माद्रिदबरोबर २००० ची चॅम्पियन्स लीग. त्याच वर्षी फ्रान्सबरोबर युरो. चेल्सीकडून २००८-०९ ला १९ गोल मारून प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात वरचा. खेळाडू म्हणून त्याला बोट लावायला जागा नाही.

पण प्रशिक्षकाशी पटवून घेणं हा त्याचा पिंडच नव्हता. २०१० चा दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्ड कप आठवतोय? मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात हाफटाइमला प्रशिक्षक रेमाँ डॉमनेकशी त्याचं वाजलं आणि फ्रान्सनं त्याला स्पर्धेतून घरी पाठवलं. त्याच्या बाजूनं बाकीच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार घातला. जगानं ते टीव्हीवर पाहिलं. प्रशिक्षकाचा शब्द मोडला म्हणून हाकललेला माणूस पाच वर्षांनी मुंबईत प्रशिक्षक म्हणून उभा राहिला. आता शब्द पाळून घ्यायची पाळी त्याची होती.

संघ काही किरकोळ नव्हता. त्या वर्षीच्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला भारतीय म्हणजे सुनील छेत्री, १ कोटी २० लाख, तो मुंबईकडं. ऑक्टोबरमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्यानं हॅटट्रिक केली, आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक, आणि मुंबई पाच-एकनं जिंकली. वाटलं, जमलं गाडं. आणि तीन आठवड्यांत गोव्याच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवानं मुंबईला सात-शून्य हाणलं. सात! गोव्याच्या दोघांनी, डुडू आणि हाओकिपनं, एकाच सामन्यात हॅटट्रिक केली. एकाच संघाची एकाच महिन्यातली ही दोन रूपं. हंगाम संपला तेव्हा मुंबई सहावी होती. सेमीफायनलला फक्त चार संघ जातात.

अनेल्का त्या वर्षी दुखापतींमुळं बराच काळ बाहेरच राहिला. म्हणजे खेळाडू पुरता मिळाला नाही आणि प्रशिक्षक म्हणून त्याच्या गाठीला फारसा अनुभव नव्हता. एका पगारात दोन माणसं घेतली असं वाटलं होतं, हातात दोन अर्धी माणसं आली.

पुढच्या वर्षी, २०१६ ला, मुंबई सिटीनं वेगळं केलं. अलेक्झांडर गिमाराइस नावाचा प्रशिक्षक आणला. कोस्टा रिकाच्या संघाला २००२ आणि २००६ अशा दोन वर्ल्ड कपला घेऊन गेलेला माणूस. खेळायला उरुग्वेचा दिएगो फोर्लान. एक फक्त शिकवणार, एक फक्त खेळणार. मुंबई साखळीत २३ गुणांसह पहिली आली आणि पहिल्यांदा सेमीफायनल खेळली. तिथं कोलकात्याच्या संघाकडून हरली, पण घडी बसली ती बसली. पुढं २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या कंपनीनं क्लबचा मोठा हिस्सा घेतला, स्पेनचा सर्जिओ लोबेरा आला, आणि २०२०-२१ ला मुंबईनं साखळीची शील्ड आणि कप दोन्ही उचलले. त्यात पैशाचा वाटा मोठा होता, हे मान्यच. पण २०१६ चा बदल त्या मोठ्या पैशाच्या आधीचा आहे, हे विसरू नका.

आता कुणी म्हणेल, एका अनेल्कावरून काय ठरतंय? बरोबर आहे. म्हणून त्या दोन वर्षांतले बाकीचेही बघू. आयएसएलमध्ये तेव्हा ही फॅशनच होती. मोठं नाव आणायचं आणि दोन्ही कामं त्याच्या गळ्यात घालायची.

केरळ ब्लास्टर्सनं २०१४ ला इंग्लंडचा जुना गोलकीपर डेव्हिड जेम्स आणला. वय चव्वेचाळीस. तो गोलमध्येही उभा आणि प्रशिक्षकही तोच. संघ थेट फायनलला गेला, आणि नेरूळलाच, अगदी शेवटच्या क्षणी कोलकात्याच्या मोहम्मद रफीकच्या गोलवर हरला. म्हणजे हा प्रयोग जवळजवळ यशस्वी झाला म्हणायचा. चेन्नईनं इटलीचा वर्ल्ड कप विजेता मार्को मातेराझी आणला. पहिल्या वर्षी तो खेळलाही, चेन्नई साखळीत पहिली आली, पण सेमीफायनलला केरळकडून हरली. २०१५ ला त्याचं काम बाकावरचं होतं, आणि त्या वर्षी चेन्नईनं गोव्याला तीन-दोन हरवून कप नेला. दिल्लीनं २०१५ ला ब्राझीलचा रॉबेर्तो कार्लोस घेतला. तो स्वतः मोजकेच सामने खेळला, जास्त लक्ष संघावर ठेवलं, आणि दिल्ली सेमीफायनलला गेली.

चार जणांवरून सिद्धांत मांडायचा नसतो. पण एक गोष्ट दिसतीय. जो लवकर कडेला जाऊन उभा राहिला, त्याचं बरं चाललं. गोलकीपरचं थोडं वेगळं असतं, कारण त्याला उभ्या जागेवरून सगळं मैदान समोर दिसतं.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र उलटं आहे, तेही सांगायला पाहिजे, नाहीतर कॉमेंटमध्ये तुम्ही सांगणारच. लिव्हरपूलचा केनी डॅल्ग्लिश. १९८५ ला तो खेळाडू-प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. लीग ज्या सामन्यात पक्की झाली, त्यात चेल्सीविरुद्धचा गोलही त्यानं स्वतः मारला. पण त्याच्या मागं कोण होतं? आधीचा महान प्रशिक्षक बॉब पेस्ली सल्लागार म्हणून शेजारी. रॉनी मोरन, रॉय इव्हान्स यांच्यासारखी वर्षानुवर्षं त्याच क्लबात काढलेली माणसं बाकावर. डॅल्ग्लिश आत खेळत असताना बाहेर बघणारे डोळे होते आणि त्या डोळ्यांना बोलायचा अधिकार होता. अनेल्काला ती घडी तयार मिळाली नव्हती. एक वर्षाचा क्लब, तीन महिन्यांची स्पर्धा.

आता आपल्याकडं येऊ.

कोल्हापूरचा फुटबॉल कुठून आला, हे बाहेरच्या माणसाला सांगायला लागतं, तुम्हाला नको. पण एका ओळीत सांगतो : आपले क्लब कंपन्यांनी काढलेले नाहीत, तालमींनी काढलेले आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, उत्तरेश्वरची वाघाची तालीम. नावातच तालीम आहे. जिथं लाल मातीत पोरं घुमायची, त्याच मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार असे बाकीचेही पेठेच्या आणि उपनगरांच्या बळावर उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ ला खासबाग बांधलं. त्यांच्यामागं राजाराम महाराजांच्या काळातही खेळाला राजाश्रय राहिला आणि १९४० ला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, आपली केएसए, उभी राहिली. आज साखळी स्पर्धा केएसएच घेते, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतली अर्धी दुकानं पोरांवर सोपवलेली असतात.

कुस्तीच्या या गावाला एक गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे. वस्ताद हौद्यात लढत नसतो. तो कडेला उभा असतो. पैलवान आत असतो, त्याला फक्त समोरच्याची पकड दिसते, डोळ्यांत माती असते, छातीत दम नसतो. वस्तादाला दोघंही दिसतात. कुणाचा पाय हलका पडलाय, कोण दमलाय, कुठला डाव आता बसेल, हे बाहेरून कळतं. म्हणून तर तो ओरडून सांगतो आणि पैलवान ऐकतो. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर बघा. लढायचे दिवस होते तेव्हा ते लढले, १९६० ला हिंदकेसरी झाले. लढणं थांबलं तेव्हा मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले आणि पिढ्या घडवल्या. पैलवान वेगळा, वस्ताद वेगळा.

मग त्याच तालमीनं फुटबॉलचा संघ काढला तेव्हा वस्ताद कुठं गेला?

माझं उत्तर असं, की पैशाअभावी गेला. कुस्तीत वस्तादाचं पोट तालमीवर, खुराकावर, राजाश्रयावर, इनामावर निघायचं. फुटबॉलमध्ये वर्गणीतून जर्सी, बूट, बॉल, स्पर्धेची फी आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूचा खर्च निघतो. त्यात वर्षभराचा प्रशिक्षक बसत नाही. मग जो जाणता खेळाडू आहे, जो नोकरी सांभाळून सकाळी येतोय, त्याच्याच गळ्यात पोरं बांधली जातात. तो बिचारा मनापासून करतो. त्याच्यामुळंच आपला फुटबॉल जिवंत राहिला, हे मी दहादा म्हणेन. पदरचे पैसे घालून, सुट्ट्या खर्च करून, घरच्यांची बोलणी खाऊन या लोकांनी संघ चालवले.

पण त्याची किंमत काय पडते, तेही बघा.

पहिली गोष्ट : टीम ठरवताना तो स्वतःला बाहेर बसवू शकत नाही. बसवलं तर पेठ विचारते, आणि नाही बसवलं तर एकोणीस वर्षांचं पोरगं बाकावर वाट बघत राहतं. दुसरी : मॅच हातातून चालली की त्याला दोन गोष्टी एकदम करायला लागतात, बॉल परत मिळवायचा आणि डोकं थंड ठेवून बदल करायचा. त्याच वेळी रेफ्रीशी हुज्जत घालायलाही तोच पुढं असतो, कारण कॅप्टनही बहुतेक तोच. आपल्या मैदानावर वाद पेटतात तेव्हा बाकावरून "मागं या रे" म्हणणारं वडीलधारं माणूस किती संघांकडं असतंय, जरा आठवून बघा. हुल्लडबाजीचं खापर आपण प्रेक्षकांवर फोडतो. थोडं इकडंही फोडायला हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्याला मोठ्या पोरांचा संघ बघायला वेळ पुरत नाही, तर दहा-बारा वर्षांच्या पोरांना कोण बघणार? फुटबॉल पायात बसायचं वय तेच. त्या वयात बॉल थांबवायचा कसा, मान वर ठेवून खेळायचं कसं, हे नाही शिकवलं तर विसाव्या वर्षी नायजेरियाचा खेळाडू शेजारी उभा करून काही होत नाही.

अनिकेत जाधवचं उदाहरण आपण सगळे अभिमानानं देतो. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या संघात. सगळ्या गावानं छाती फुगवली. पण तो घडला कुठं? पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. लहानपणी इथून उचलून तिथं गेला, तिथं शिकवणारी माणसं होती, रोजचं वेळापत्रक होतं, जेवण होतं. पुढं २०२२ ला हैदराबाद एफसीनं आयएसएल जिंकली, तेव्हा अनिकेत त्या संघात होता. निखिल कदमही आपलाच. मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेडपर्यंत गेला. गुण मातीत आहेत, पण घडवायची भट्टी पुण्याला, गोव्याला, बंगळूरूला. आपण कच्चा माल पाठवतो.

आणि ही हैदराबाद एफसी आली कुठून, ठाऊक आहे? २०१९ ला पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ बंद पडला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. महाराष्ट्रातल्या कंपनी-क्लबांचा इतिहास हा असाच आहे. मुंबईची महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली, देशातला अव्वल संघ. २०१० ला मालकांनी बंद केली. पुण्याचे एकामागून एक संघ मिटले. २०२५ ला तर आयएसएलचा हंगामच करारांच्या घोळात वेळेवर सुरू झाला नाही. एका बैठकीत ठराव होतो आणि क्लब संपतो. तिथं रडायला पेठ नसते.

आपल्या तालमी मात्र टिकल्या. राजे गेले, संस्थान गेलं, गिरण्या गेल्या, पण दिलबहार आहे, पाटाकडील आहे, खंडोबा आहे. हे बळ देशातल्या कुठल्या व्यावसायिक क्लबाकडं आहे सांगा? त्यांच्याकडं पैसा आहे, वस्ताद आहे, पण गाव नाही. आपल्याकडं गाव आहे, वस्ताद नाही.

राष्ट्रीय लीगचं स्वप्न आपण बघतो. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुलींनी २०१९-२० ला इंडियन विमेन्स लीगमध्ये कोल्हापूरचं नाव नेलं होतं. पेठांच्या पुरुष संघांच्या गोंगाटात आपण त्या पोरींचं म्हणावं तेवढं कौतुक केलं नाही, ते जाऊ दे. केएसएचे मालोजीराजे २०२२ पासून देशाच्या फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर आले, म्हणजे दिल्लीपर्यंत आवाजही आहे. पण वरच्या पातळीवर कुठंही जायचं म्हटलं की पहिला कागद मागतात तो प्रशिक्षकाच्या परवान्याचा. डी, सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत. "आमचा दादा वीस वर्षं खेळलाय" हे तिथं चालत नाही.

मग करायचं काय? मला सुचतंय ते साधं आहे. वर्ल्ड कपला आपण मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे मजल्याएवढे कटआउट उभे करतो. हौस आहे, असू दे, त्याशिवाय कोल्हापूर नाही. पण पेठेतल्या एका जाणत्या खेळाडूच्या परवान्याच्या कोर्सची फी आणि त्या दिवसांचा बुडालेला पगार भरायला एका कटआउटचे पैसे तालमीनं बाजूला काढावेत. स्पर्धा घेणाऱ्या नेत्यांनी लाखाच्या बक्षिसातला एक वाटा रोख न देता "बाकावरच्या माणसासाठी" म्हणून द्यावा. आणि केएसएनं एक नियम करून बघावा : टीमच्या यादीत प्रशिक्षक म्हणून ज्याचं नाव आहे, त्याचं नाव खेळाडूंच्या यादीत नको. एक हंगाम. पटलं नाही तर पुढच्या वर्षी काढून टाका.

आपल्या जाणत्या खेळाडूंनाही हात जोडून एक विनंती. खेळणं सोडणं सोपं नसतंय, कळतंय. पाय थांबत नाहीत. टाळ्या आतल्यालाच मिळतात, कडेला उभ्या राहिलेल्याला शिव्या मिळतात. पण कुस्तीत ज्यांनी वेळेवर लांग सोडला आणि वस्तादाची जागा घेतली, त्यांचं नाव त्यांच्या पठ्ठ्यांनी राखलं. अनेल्कासारखा अनेल्का दोन्ही दगडांवर पाय ठेवून सहावा आला, दादा. तुम्ही एकाच दगडावर नीट उभं राहा, दहा वर्षांनी पोरं तुमचं नाव घेतील.

तुमच्या तालमीत सराव कोण घेतं? तो खेळतोही का? आणि बारा वर्षांच्या पोरांना कोण बघतं? कॉमेंटमध्ये लिहा. पेठेची भांडणं नकोत, तेवढी स्टेडियमसाठी ठेवा.